औषधांची पिशवी आणि पाऊण तास : एका औषध-आढावा सेवेबद्दल

माझ्या आईचे वय 74 वर्षे आहे. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि थायरॉइड हे तिचे जुने आजार. गेल्या वर्षी न्यूमोनिया झाल्यामुळे ती आठ दिवस रुग्णालयात होती आणि तेथून घरी आल्यानंतरच्या चार महिन्यांत तिच्या औषधांची संख्या सहावरून अकरावर गेली. याच काळात तिच्या घोट्यांना सूज येऊ लागली, रात्रीची झोप मोडू लागली आणि सकाळी उठल्यावर तोल जाऊ लागला. आम्ही तीन वेगवेगळ्या डॉक्टरांना भेटलो. प्रत्येकाने आपल्यासमोर आलेल्या तक्रारीवर प्रामाणिकपणे उपाय केला, परंतु अकराही औषधे एका वेळी, एका टेबलावर ठेवून कोणी पाहिली नव्हती. तसे पाहण्याची मागणी आम्हीही कधी केली नव्हती. अखेर एका दवाखान्याशी जोडलेल्या औषध-आढावा सेवेत आम्ही वेळ घेतली. तेथे प्रशिक्षित फार्मासिस्ट रुग्णाशी बोलून त्याच्या सर्व औषधांची तपासणी करतात आणि आपल्या शिफारशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लेखी कळवतात. या सेवेचा आम्हाला मोठा उपयोग झाला, तिच्यातल्या उणिवाही दिसल्या, आणि दोन्ही गोष्टी मी येथे सविस्तर लिहीत आहे.

वेळ ठरवतानाच आम्हाला एक सूचना मिळाली होती : चिठ्ठ्या आणा, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरात असलेले प्रत्येक औषध जसे आहे तसे पिशवीत घालून आणा. त्यात अर्धवट संपलेल्या स्ट्रिप, डोळ्यांचे थेंब, मलम, जीवनसत्त्वांच्या गोळ्या, चिठ्ठीशिवाय घेतलेली औषधे आणि वनस्पतीजन्य औषधेही आली. ही पद्धत जगभर अनेक ठिकाणी वापरली जाते आणि तिचे कारण सरळ आहे. चिठ्ठी पाहिली तर डॉक्टरांनी काय सांगितले ते कळते, तर पिशवी उघडली की रुग्ण प्रत्यक्षात काय घेतो ते समोर येते. या दोन गोष्टी एकच आहेत असे गृहीत धरून बहुतेक भेटी पार पडतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले होते की, विकसित देशांतसुद्धा दीर्घकालीन आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषधे घेतात. हे वाक्य मी पूर्वी वाचले होते, पण माझी स्वतःची आई त्यात मोडत असेल असा विचार माझ्या मनात आला नव्हता.

फार्मासिस्ट बाईंनी पिशवीतली औषधे टेबलावर मांडली आणि ब्रँडच्या नावांकडे न पाहता प्रत्येक स्ट्रिपवरचे मूळ औषधाचे नाव मोठ्याने वाचले. पहिली मोठी चूक दहा मिनिटांच्या आत सापडली. आई पूर्वीपासून रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन 40 मिलिग्रॅम आणि अॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम अशा दोन स्वतंत्र गोळ्या घेत होती. रुग्णालयातून घरी सोडताना ही दोन्ही औषधे एकत्र असलेली एकच गोळी, वेगळ्या ब्रँडच्या नावाने, लिहून देण्यात आली. आम्ही जुनी टेल्मिसार्टनची गोळी बंद केली, कारण नव्या गोळीच्या नावाशी तिचे नाव जुळत होते. अॅम्लोडिपिनचे नाव मात्र त्या ब्रँडमध्ये कोठेच दिसत नव्हते, म्हणून जुनी अॅम्लोडिपिन तशीच चालू राहिली. म्हणजे चार महिने आई रोज 5 ऐवजी 10 मिलिग्रॅम अॅम्लोडिपिन घेत होती आणि रोज सकाळी ती गोळी तिच्या हातावर ठेवणारा मीच होतो.

त्यानंतर बाईंनी जे उलगडून दाखवले, ते ऐकताना मला अंगावर काटा आल्यासारखे झाले. अॅम्लोडिपिनमुळे घोट्यांना सूज येऊ शकते आणि डोस वाढला की ती शक्यता वाढते. ही सूज रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे येते, शरीरात पाणी जास्त झाल्यामुळे नव्हे, म्हणून लघवी वाढवणाऱ्या औषधाने ती फारशी उतरत नाही. आईला मात्र सूज पाहून फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारे औषध सुरू करण्यात आले होते, कारण ज्यांनी ते दिले त्यांच्यासमोर अॅम्लोडिपिनचा दुप्पट डोस आलाच नव्हता. ती गोळी सकाळी घ्यायची होती. दिवसभर वारंवार उठावे लागते म्हणून आईने ती आपल्या मनाने संध्याकाळवर नेली होती, त्यामुळे रात्री तीन-चार वेळा उठणे सुरू झाले. झोप लागावी म्हणून ती सर्दीची एक गोळी घेऊ लागली, जी पूर्वी कधीतरी घेतल्यावर तिला चांगली झोप लागल्याचे आठवत होते. त्या गोळीत क्लोरफेनिरामिन हे सर्दी-अॅलर्जीवरचे, गुंगी आणणारे औषध होते. उतारवयात या जातीच्या औषधांमुळे गुंगी, तोंडाला कोरड, गोंधळलेपण आणि तोल जाणे असे त्रास होतात, म्हणून वृद्धांसाठी ती शक्यतो टाळावीत असे वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. सूज, झोप आणि तोल या ज्या तीन तक्रारी घेऊन आम्ही तीन दरवाजे ठोठावले होते, त्यांचे मूळ एका जादा गोळीत होते. एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजला जातो, त्यावर दुसरे औषध येते, आणि दुसऱ्याच्या दुष्परिणामावर तिसरे. वैद्यकात ही साखळी चांगलीच परिचित आहे. ती साखळी म्हणून दिसायला मात्र सगळी औषधे एकत्र पाहावी लागतात.

पण या भेटीतला मला सर्वांत मोलाचा वाटलेला क्षण औषधांच्या ज्ञानाचा नव्हता. सगळ्या स्ट्रिप पाहून झाल्यावर बाईंनी आईला विचारले, "आजी, यांतली कोणती गोळी तुम्हाला घ्यावीशी वाटत नाही?" आई जरा वेळ गप्प राहिली, माझ्याकडे पाहिले आणि मग फ्युरोसेमाइडच्या स्ट्रिपवर बोट ठेवून म्हणाली, "ही. दोन रात्री झोप मोडली की तिसऱ्या दिवशी मी ही घेतच नाही." बाई रागावल्या नाहीत, उपदेश केला नाही. "सांगितलेत ते फार बरे केलेत," एवढेच त्या म्हणाल्या आणि आठवड्यातून साधारण किती वेळा असे होते ते विचारून त्यांनी लिहून घेतले. सूज उतरत नाही म्हणून या गोळीचा डोस वाढवण्याचा विचार पुढच्या भेटीत करू, असे आम्हाला सांगण्यात आले होते. आई ती गोळी निम्मेच दिवस घेत होती ही गोष्ट त्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हती आणि मलाही नव्हती.

घरी येताना मी तिला विचारले की तिने हे आधी का सांगितले नाही. तिचे उत्तर होते : "डॉक्टर विचारतात, गोळ्या वेळेवर घेता ना? त्याला हो म्हणायचे असते." प्रश्नच असा विचारला जातो की त्यात 'नाही' म्हणायला जागा उरत नाही, आणि 'नाही' म्हटले तर आपण अपराधी ठरतो असे माणसाला वाटते. घ्यावीशी न वाटणारी गोळी कोणती असे विचारले की रुग्णाला कबुली द्यावी लागत नाही, आपला अनुभव सांगायचा असतो. या सेवेचे परीक्षण मला एका वाक्यात करायला सांगितले, तर मी या प्रश्नासाठीच तिची शिफारस करेन.

बाकीच्या नोंदीही किरकोळ नव्हत्या. थायरॉइडची गोळी आई सकाळी उपाशीपोटी घेत होती, हे बरोबर होते. मात्र त्याच घोटाबरोबर ती कॅल्शियमची गोळी आणि रुग्णालयाने दिलेली, लोह असलेली बहुजीवनसत्त्वांची गोळीही घेत होती. कॅल्शियम आणि लोह यांच्यामुळे लेव्होथायरॉक्सिनचे, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतल्या औषधाचे, शोषण कमी होते, म्हणून त्यांच्यात निदान चार तासांचे अंतर हवे. मधल्या काळात रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइड कमी पडू लागला की वाढणारे संप्रेरक) वाढलेले दिसले होते आणि लेव्होथायरॉक्सिनचा डोस 50 वरून 75 मायक्रोग्रॅमवर नेण्यात आला होता. बाईंनी येथे एक सावधगिरीची सूचना केली, जी मला स्वतःहून कधीच सुचली नसती : कॅल्शियम बाजूला केल्यावर गोळीचे शोषण सुधारेल आणि मग हाच वाढीव डोस जास्त ठरू शकेल, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. मधुमेहासाठीची मेटफॉर्मिनची गोळी मोठी असल्यामुळे आई ती कुटून घेत होती. ती शरीरात हळूहळू औषध सोडणाऱ्या प्रकारची होती आणि अशी गोळी कुटली की दिवसभरात मिळायचे ते औषध एकदम मिळते. स्ट्रिपवर औषधाच्या नावापुढे छापलेल्या 'एसआर' या दोन अक्षरांचा हाच अर्थ (सस्टेन्ड रिलीज) मला त्या दिवशी कळला. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता होऊ शकते, म्हणून त्याची तपासणी सुचवण्यात आली. पित्ताची गोळी, म्हणजे पँटोप्राझोल, रुग्णालयातल्या उपचारांपुरती दिलेली दिसते, तिची आता गरज आहे का हे विचारा, असेही लिहून मिळाले.

एका नोंदीसमोर त्यांनी लाल शाईने खूण केली होती. गुडघेदुखीसाठी आई आठवड्यातून चार-पाच दिवस आयब्युप्रोफेन घेत होती. ते चिठ्ठीवर कोठेच नव्हते, कारण तिच्या लेखी ते 'औषध' नव्हतेच, ती फक्त 'दुखण्याची गोळी' होती. टेल्मिसार्टनसारखे रक्तदाबाचे औषध, लघवी वाढवणारे औषध आणि आयब्युप्रोफेनसारखे वेदनाशामक ही तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडावर गंभीर ताण येऊ शकतो, विशेषतः वृद्धांमध्ये आणि उलट्या-जुलाबांमुळे शरीरातले पाणी कमी झाले असताना. शिवाय आयब्युप्रोफेन रक्तदाबही वाढवते. ते बंद करून डॉक्टरांना भेटेपर्यंत गरज पडल्यास पॅरासिटामॉल घ्यावे, पण सर्दी-तापाच्या अनेक मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते हे लक्षात ठेवून दिवसाची एकूण मर्यादा ओलांडू नये, असे त्यांनी आईला दोनदा समजावले. मग तिलाच विचारले, "आता घरी सुनेला तुम्ही हे कसे सांगाल?" आईने आपल्या शब्दांत सांगितले, एक गोष्ट चुकली, ती दुरुस्त झाली. 'समजले का?' या प्रश्नाला होकार मिळवण्यापेक्षा ही रीत कितीतरी खात्रीची आहे.

आता उणिवांकडे वळतो. सुरुवातीची दहा मिनिटे बाई सर्व प्रश्न मला विचारत होत्या, जणू आई तेथे नव्हतीच. आईने दोन वेळा मध्ये बोलण्याचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा तिचे वाक्य मीच पूर्ण केले. त्यामुळे हा दोष अर्धा माझाही आहे. तरीही सेवा देणाऱ्याने पहिल्या वाक्यापासून रुग्णाकडे पाहून बोलावे आणि सोबतच्या माणसाला नंतर विचारावे, अशी माझी अपेक्षा होती. आईशी थेट बोलणे सुरू झाले तेव्हाच खरी माहिती बाहेर आली, हे वर लिहिलेच आहे. दुसरी उणीव लेखी अहवालाची. डॉक्टरांना पाठवायचे पत्र वैद्यकीय भाषेत असणे योग्यच आहे, पण रुग्णाच्या हाती दिलेला कागदही तसाच, बारीक अक्षरांत छापलेला होता. तो पाहून आईने चष्मा काढून ठेवला. मी घरी बसून मोठ्या अक्षरांत नवा तक्ता केला : औषधाचे मूळ नाव, ते कशासाठी आहे, किती, केव्हा, कोणी आणि कोणत्या तारखेला सुरू केले, आणि केव्हा पुन्हा विचारायचे. हा तक्ता सेवेनेच द्यायला हवा होता.

तिसरी उणीव सर्वांत गंभीर आहे. डॉक्टरांना पत्र दोन दिवसांत पोहोचेल आणि आठवड्याने आम्हाला फोन येईल असे सांगण्यात आले होते. फोन आला नाही. नवव्या दिवशी मीच चौकशी केली तेव्हा पत्र निघालेच नव्हते. आढावा कितीही बारकाईने घेतला तरी तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोहोचला नाही तर रुग्णाच्या गोळ्यांत काहीच बदलत नाही, कारण फार्मासिस्ट शिफारस करतात, बदल डॉक्टरच करतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली औषधोपचारांतील टाळता येणारी हानी कमी करण्यासाठी जी जागतिक मोहीम सुरू केली, तिच्या तीन मुख्य विषयांपैकी एक विषय रुग्ण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातानाच्या टप्प्याचा आहे. आमची पहिली चूक रुग्णालय आणि घर यांच्या मधल्या टप्प्यात झाली होती. ती शोधून काढणाऱ्या सेवेचे पत्रही अशाच एका टप्प्यावर अडून पडावे, याचे मला मनापासून वाईट वाटले. तक्रार केल्यावर त्यांनी त्याच दिवशी पत्र पाठवले आणि चूक मान्य केली, ही जमेची बाजू. तरीही जो कोणी अशी सेवा घेईल त्याने अहवालाची एक प्रत स्वतःकडे मागून घ्यावी आणि ती हातात घेऊनच डॉक्टरांकडे जावे.

आम्ही तसेच केले. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी आईला काळजी होती की दुसऱ्या कोणाकडून औषधे तपासून आणल्याचा त्यांना राग येईल. म्हणून काय बोलायचे ते आम्ही आधी ठरवले आणि बोलायचे तिनेच असे ठरले. ती म्हणाली, "डॉक्टर, माझ्या सगळ्या गोळ्या एकदा एकत्र बघाल का? मला त्यांतल्या तीन गोष्टी विचारायच्या आहेत. आणि लघवीची गोळी मी रोज घेत नव्हते." डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी कागद पूर्ण वाचला, पायाची सूज बोटाने दाबून पाहिली, हृदय आणि मूत्रपिंडाशी संबंधित दुसरे कारण नाही ना हे तपासण्यासाठी चाचण्या लिहिल्या आणि जादा अॅम्लोडिपिन त्याच दिवशी बंद केली. दोन आठवडे घरी सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून लिहायला सांगितले. रक्तदाब आटोक्यात राहिला, आणि त्यात आयब्युप्रोफेन बंद झाल्याचाही वाटा असावा असे ते म्हणाले. चाचण्यांत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्तातला घटक, थोडे वाढलेले होते, ते पुढच्या महिन्यात खाली आले. सूज उतरल्यावर फ्युरोसेमाइड थांबले, तेव्हा रात्रीचे उठणे कमी झाले आणि सर्दीच्या गोळीची गरजच उरली नाही. गुडघ्यांसाठी वरून लावायचे मलम आणि व्यायाम सुरू झाले. पँटोप्राझोल आधी कमी करून मग बंद करण्यात आले. सात आठवड्यांनी टीएसएच तपासले तेव्हा थायरॉइडची गोळी पुन्हा 50 मायक्रोग्रॅमवर आली. मेटफॉर्मिनसाठी लहान आकाराची गोळी मिळाली, जी आई अखंड गिळू शकते. ब-12 कमी निघाले, त्यावर उपचार चालू आहेत.

हे सगळे वाचून कोणी घरच्या घरी गोळ्या बंद करू नयेत, हे मला आवर्जून लिहायचे आहे. रक्तदाबाची आणि हृदयाची काही औषधे, स्टेरॉइड, फिट येऊ नयेत म्हणून दिलेली औषधे, मानसिक आजारांवरील औषधे आणि दीर्घकाळ घेतलेल्या झोपेच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर धोका होऊ शकतो. आमच्याकडेही प्रत्येक बदल डॉक्टरांनी केला, एका वेळी एक किंवा दोनच केले, आणि प्रत्येक बदलानंतर काय पाहायचे आणि कोणत्या लक्षणासाठी लगेच फोन करायचा हे विचारून घेतले. पाच किंवा अधिक औषधे नियमित घेणारे, नुकतेच रुग्णालयातून घरी आलेले, एकापेक्षा अधिक डॉक्टरांचे उपचार घेणारे, रक्त पातळ करणारे औषध किंवा इन्सुलिन घेणारे, आणि आठवड्यातून एकदाच घ्यायचे मेथोट्रेक्सेटसारखे औषध घेणारे, जे चुकून रोज घेतले गेल्यास जिवावर बेतते, अशा सर्वांनी असा आढावा जरूर घ्यावा असे माझे मत आहे. जेथे अशी स्वतंत्र सेवा नसेल तेथे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे केवळ याच कामासाठी वेगळी वेळ मागता येते. तक्रार सांगायला गेलेल्या भेटीच्या शेवटी, दारात उभे राहून हे काम होत नाही.

दोन सूचना सेवा देणाऱ्यांसाठी. भेटीचा पाऊण तास अकरा औषधांसाठी अपुरा होता आणि कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल आईला जे विचारायचे होते ते राहूनच गेले. औषधे सातपेक्षा जास्त असतील तर आधीच दोन भेटी ठरवाव्यात. आणि ठरलेला फोन रुग्णाला वाट पाहायला न लावता यायलाच हवा.

आईची औषधे आता सात आहेत. सहा महिन्यांनी आमची दुसरी भेट आहे. मी केलेल्या तक्त्याच्या मागच्या बाजूला तिने स्वतःच्या हाताने पहिला प्रश्न लिहून ठेवला आहे : "कोलेस्टेरॉलची गोळी मला नेमकी कशासाठी आणि किती वर्षे घ्यायची?"